बंद पडलेला पेट्रोल पंप वस्तीच्या वापरात कसा आणायचा: सुरुवात जमिनीखालून करा

आमच्या भागात मेन रोडपासून थोडं आत एक पेट्रोल पंप बरीच वर्षं बंद होता. मशीन काढून नेलेली, शेड उभी, काचा फुटलेली केबिन आणि मागे बाभळी. तीन वर्षांपूर्वी आम्ही वीस-पंचवीस जणांनी मालकाची परवानगी काढली, जागा साफ केली, खांबांना रंग दिला, कुंड्या ठेवल्या, मुलांसाठी कॅरम आणला आणि मग जुलैमध्ये सलग चार दिवस पाऊस लागला, पाचव्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर काँक्रीटला गोलसर तडा गेलेला, मॅनहोलचं झाकण बोटभर वर आलेलं आणि मागच्या भिंतीजवळचा व्हेंट पाईप, म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणारा उभा पाईप, कललेला. आणि इतक्या वर्षांनी परत पेट्रोलचा वास. जमिनीखालची रिकामी टाकी पाण्याने वर उचलली होती.

मी नाशिकच्या सातपूरला फॅब्रिकेशन करतो, टाक्या बनवणं-दुरुस्त करणं रोजचं काम, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही याचं अजून वाईट वाटतं. हिशोब सोपा आहे. २० हजार लिटरची टाकी पाण्यात पूर्ण बुडाली की पाणी तिला २० टनांच्या जोराने वर ढकलतं, टाकीचं स्वतःचं वजन त्यापुढे काहीच नाही, तिला धरून ठेवते ती वरची माती आणि काँक्रीट, आणि आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या दिवशी सगळ्या मुलांना बाहेर काढलं, गेटला कुलूप लावलं आणि पुढचं दीड वर्ष जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं. आता तिथे अभ्यासिका चालते, रविवारी भाजी बाजार भरतो, संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात. कुणाला असं काही करायचं असेल तर रंग आणि कुंड्यांनी सुरुवात करू नका, टाकीने करा. बाकी सगळं त्यानंतर.

बंद पंपाचं असं केंद्र होतं का कुठे, हा प्रश्न मला मालकापासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांनी विचारला म्हणून सांगतो. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या नन्स आयलंडवर मीस व्हान डेर रोह या मोठ्या आर्किटेक्टने डिझाइन केलेला १९६० च्या दशकाअखेरचा पंप आहे, तो २००८ ला बंद झाला आणि २०१२ ला तिथे तरुण मुलं आणि ज्येष्ठ नागरिक दोघांसाठी केंद्र सुरू झालं, लांब सपाट छप्पर तसंच ठेवलं, आणि जिथे पेट्रोलची मशीन होती तिथे आता जमिनीखालून हवा घेणारे खांब आहेत. लंडनमध्ये २०१० साली असेंबल नावाच्या तरुण ग्रुपने क्लार्कनवेल रोडवरच्या बंद पंपाच्या शेडखाली पडदे सोडून काही आठवड्यांचं सिनेमा थिएटर केलं. दोन्हीकडे मला एकच गोष्ट शिकण्यासारखी वाटली, शेड हीच खरी मालमत्ता आहे. नाशिकला एप्रिल-मेमध्ये दुपारी एक वाजता वस्तीत शंभर माणसं बसतील एवढी सावली दुसरीकडे शोधून दाखवा.

कागद आधी, आणि तेही नीट

पंपाच्या जागेत एकाच वेळी तीन-चार जणांचा पाय असतो. जमीन एकाची, ती भाड्याने ऑइल कंपनीकडे, डीलर तिसराच, आणि टाकी-मशीन बहुतेक वेळा कंपनीची. काही जागी उलटं, सगळं डीलरचंच. त्यात जुने पंप असतील तर एस्सो आणि बर्मा शेल या परदेशी कंपन्यांच्या काळातले करार असतात, एस्सोचं १९७४ ला आणि बर्मा शेलचं १९७६ ला राष्ट्रीयीकरण झालं आणि ते भाडेकरार सरकारी कंपन्यांकडे आले, अशा जमिनींचे वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालतात. म्हणून नुसतं "मालक हो म्हणाला" यावर एक रुपयाही घालू नका. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, भाडेकराराची प्रत मागा, कोर्टात केस आहे का ते वकिलाकडून बघून घ्या, आणि टाकी कुणाच्या नावावर आहे हे लेखी घ्या कारण साफ करायचा खर्च आणि जबाबदारी त्याच्याकडे जाते.

दुसरा कागद पेसोचा. पेट्रोलियम अँड एक्सप्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन, केंद्र सरकारचं खातं, मुख्य ऑफिस नागपूरला. पेट्रोलियम रूल्स २००२ प्रमाणे पंपाला फॉर्म १४ मधलं लायसन्स असतं आणि त्याच्यासोबत मंजूर नकाशा असतो. हा नकाशा मिळवाच. टाक्या किती, कुठे, किती खोल, पाईप कुठून कुठे गेलेत, सगळं त्यात. आमच्याकडे सगळे म्हणत होते दोन टाक्या आहेत, नकाशात तीन निघाल्या, तिसरी जुन्या डिझेलची, केबिनच्या पायरीखाली. लायसन्स संपलं किंवा परत केलं म्हणजे टाकी साफ झाली असं अजिबात नाही, ते वेगळं काम.

तिसरं, महापालिकेच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय ते बघा. रस्ता रुंदीकरणात अर्धी शेड जाणार असेल तर आधीच कळलेलं बरं. वापर बदलायची परवानगी युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे लागते, त्यासाठी लायसन्स असलेला आर्किटेक्ट घ्या. आणि महावितरणचं जुनं मीटर पीडी झालेलं, म्हणजे कनेक्शन कायमचं तोडलेलं असेल तर थकबाकी किती ते विचारा, ती नव्या माणसाच्या गळ्यात येते.

मालकाशी करार ११ महिन्यांचा करू नका. टाकीचं काम करून घेतल्यावर अकराव्या महिन्यात "जागा द्या परत" म्हणाला तर तुम्ही त्याची जमीन फुकटात साफ करून दिली एवढंच होईल. निदान पाच वर्षांचा, रजिस्टर केलेला करार पाहिजे, आणि तो करायला तुमची संस्था नोंदणीकृत पाहिजे. आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवला, वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्याच महिन्यात टाका.

टाकी: इथे घाई नाही, काटकसर नाही

पावसाळ्यानंतर, दिवाळी झाली की सुरू करा म्हणजे मे अखेरपर्यंत जमिनीखालचं सगळं संपतं. पावसात हे काम करायचंच नाही.

लोकांना वाटतं टाकी रिकामी आहे म्हणजे धोका गेला. बरोबर उलटं आहे. भरलेल्या टाकीत हवा नसते, रिकाम्या टाकीत तळाशी राहिलेल्या थोड्याशा पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते, आणि हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असली की एक ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, उडून जात नाही, खाली साचते, खड्ड्यात, केबल डक्टमध्ये, गटाराच्या चेंबरमध्ये. म्हणून टाकी गॅस-फ्री झाल्याचा दाखला हातात येईपर्यंत तिथे वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, बिडी-सिगरेट नाही, मोबाईलसुद्धा गेटवर ठेवायचा.

क्रम असा. आधी डिप मारा, म्हणजे पितळी काठी टाकून आत किती माल आहे ते बघा, काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावली की पाणी किती ते पेस्टचा रंग बदलतो तिथवर दिसतं. आमच्या तिसऱ्या टाकीत चार बोटं पाणी आणि वर काळं जाड डिझेल निघालं, त्यावरून कळलं की टाकीला कुठेतरी भोक असावं, नाहीतर बंद टाकीत पाणी येणार कुठून. मग उरलेला माल हवेवर चालणाऱ्या पंपाने काढायचा, साध्या मोटारीने नाही, आणि टाकी-होज-ड्रम सगळ्यांना अर्थिंग जोडायचं. त्यानंतर वाफ घालवायची, पाणी भरून किंवा नायट्रोजन सोडून, मग मॅनहोल उघडून ब्लोअर. गॅस मीटरवर वाफेचं प्रमाण शून्याला आणि ऑक्सिजन २०.९ टक्क्यांच्या आसपास आला की सक्षम व्यक्ती तपासून दाखला देते. ते मीटर टाकीच्या तोंडाशी नाही, दोरीने तळापर्यंत सोडून वाचायचं.

हे काम पंपाच्या टाक्या साफ करणाऱ्या अनुभवी एजन्सीलाच द्या, आणि मी फॅब्रिकेशनवाला असून सांगतो की आपल्या ओळखीच्या वेल्डरला देऊ नका, कितीही चांगला असला तरी. टाकीत माणूस उतरणार असेल तर हार्नेस, वर दोन माणसं, सतत चालू मीटर. आत एखादा बेशुद्ध पडला की वाचवायला उतरलेला दुसराही जातो, असे प्रकार आपण पेपरात वाचतो, ते सगळे अर्ध्या तासाची घाई केल्याने झालेले असतात.

टाकीतला गाळ आणि धुतलेलं पाणी नाल्यात सोडायचं नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे, ड्रममध्ये सील करून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यतेच्या केंद्रात पाठवायचा, रांजणगाव आणि तळोजाला अशी केंद्रं आहेत. पावती जपून ठेवा, उद्या कुणी तक्रार केली तर तीच कामाला येते. आमच्याकडे पहिला कॉन्ट्रॅक्टर रात्री नाल्यात सोडायच्या तयारीत होता, एका काकूंनी गच्चीवरून पाहिलं म्हणून थांबला, त्याला दुसऱ्या दिवशी काढून टाकला.

आता साफ टाकीचं काय करायचं. काढायची किंवा जागेवर भरायची. काढणं चांगलं कारण खालची माती दिसते, पण खड्डा शेडच्या खांबाच्या पायाला लागून असेल तर शेड धोक्यात येते. आम्ही दोन काढल्या, केबिनखालची जागेवर भरली, मॅनहोलमधून वाळू-सिमेंटचा पातळ घोळ सोडत वर तोंडापर्यंत, आत पोकळी राहता कामा नये, आणि व्हेंट पाईप सगळ्यात शेवटी काढायचा म्हणजे भरताना आतली हवा निघून जाते. काढलेल्या टाकीचा खड्डा मुरूम टाकून थर थर दाबत भरा, काढलेली माती परत त्यात लोटू नका.

माती आणि पाणी तपासणी

यावर लोक पैसे वाचवतात आणि मला ते पटत नाही. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे वास यायच्या कितीतरी आधी पाणी खराब झालेलं असतं. फेब्रुवारी २००० पर्यंत देशात शिसं असलेलं पेट्रोलही विकलं जायचं, त्यामुळे पंप त्याच्या आधीचा असेल तर शिसंही तपासा.

नाशिकची जमीन वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. गळलेलं पेट्रोल मुरमातून उतरतं, खडकावर थांबतं आणि मग उताराच्या बाजूने किंवा खडकाच्या भेगांतून कुठेही जातं. म्हणून नमुना फक्त टाकीच्या खड्ड्यातून घेऊन भागत नाही. उतार कुठे आहे बघा, नाला किंवा नदी कोणत्या बाजूला, त्या बाजूला दोन जागी, टाकीजवळ एक, वरच्या बाजूला एक असे नमुने घ्या आणि आजूबाजूच्या बोअरचं पाणीही. एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबला सांगायचं, बीटीईएक्स (बेंझीन आणि त्याच्या जातीची रसायनं), टीपीएच (एकूण पेट्रोलियम तेल) आणि शिसं. एका जागी नळीसारखा कायमचा पाईप गाडून ठेवा, झाकण आणि कुलूप लावून, म्हणजे पुढेही पाणी काढून तपासता येतं.

रिपोर्ट वाईट आला तर थांबा, मंडळाला आणि ज्याची टाकी आहे त्याला लेखी कळवा, तो खर्च वस्तीने करायचा नाही. थोडं काही आलं तर माती काढणं किंवा हवा खेळवून वाफ काढणं असे उपाय असतात, ते पर्यावरणाचं काम करणाऱ्या इंजिनिअरने ठरवायचं.

रिपोर्ट चांगला आला तरी काही गोष्टी करायच्या नाहीत. तिथली बोअर वापरायची नाही. जमिनीत भाजीपाला लावायचा नाही, लावायचाच तर खाली जाड प्लास्टिक असलेल्या उंच वाफ्यात बाहेरची माती आणून. आणि पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा करायचा नाही. हे सांगितलं की लोकांना धक्का बसतो कारण आपल्याला शोषखड्डा म्हणजे चांगलंच काम असं शिकवलंय, पण पंपाच्या जागेत जिरवलेलं पाणी खाली अडकलेलं तेल आणखी खोल, शेजाऱ्याच्या बोअरकडे ढकलतं. पाणी साठवा. १२ बाय ९ मीटरची शेड म्हणजे १०८ चौरस मीटर, नाशिकला वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, पाचवा हिस्सा वाया गेला धरला तरी ६० हजार लिटर. जमिनीवर ५ हजार लिटरच्या दोन टाक्या ठेवल्या तरी संडास आणि झाडांना पावसाळाभर पुरतं.

शेड, फरशी, केबिन

शेडचं पाणी बहुतेक पंपांवर खांबाच्या आतून पाईपने खाली येतं, तो पाईप आत फुटला की खांब आतून गंजतो आणि बाहेरचा रंग चकचकीत राहतो. हातोडीने खालपासून खांद्याच्या उंचीपर्यंत ठोकत जा, आवाज बदलला तिथे बेस खरवडून बघा. आमच्या चारपैकी एका खांबाला तळाशी बोट जाईल एवढं भोक होतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट घ्या आणि त्याला एक गोष्ट नक्की सांगा, बाजूने पडदे, फ्लेक्स किंवा भिंत लावणार आहात का. ही शेड चारही बाजूंनी उघडी धरून डिझाइन केलेली असते, बाजू बंद केल्या की वाऱ्याचा जोर पूर्ण बदलतो, आणि वळवाच्या वाऱ्यात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. मी तरी म्हणेन उघडीच ठेवा, वाफ साचायची भीतीही त्यामुळे राहत नाही.

जुन्या पंपाच्या मागच्या खोल्यांना सिमेंटचे पत्रे असतात, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. फोडायचे नाहीत, ड्रिल मारायचं नाही, भिजवून अख्खे उतरवायचे.

जुनं काँक्रीट शक्यतो उखडू नका, ते खालच्या मातीवरचं झाकण आहे. भेगा भरा, तेलाचे डाग घासून काढा, वर नवा थर द्या. मशीनचे ओटे मात्र ठेवा. आम्ही त्यांवरचे बोल्ट कापले, कडप्पा बसवला, आता दोन्ही ओट्यांवर संध्याकाळी बसायला जागा मिळत नाही.

केबिनचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फरशीतून येणारी वाफ. जुने केबल-पाईप जिथून आत येतात ती सगळी भोकं पूर्ण सील करा, फरशीखाली वाफ अडवणारा जाड मेम्ब्रेनचा थर टाकून नवीन फरशी करा, समोरासमोर खिडक्या ठेवा आणि एसी लावून खोली बंद करायचा मोह टाळा. आतल्या हवेची तपासणी झाल्याशिवाय तिथे बालवाडी नको, लहान मुलं जमिनीजवळ बसतात-झोपतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नव्या पंपाला शाळा, दवाखाना आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर सांगितलंय, त्यावरून किती काळजीचा विषय आहे ते समजा.

रस्त्याच्या बाजूला पंपाला दोन रुंद तोंडं असतात आणि सिग्नल टाळायला बाइकवाले आतून काढतात, आधी एक तोंड दगडी खांब लावून बंद करा आणि दुसरं अ‍ॅम्ब्युलन्स जाईल एवढं ठेवा. रॅम्प एकास बारा उताराचा करा. जुनं वायरिंग सगळं काढून नवीन, नवं अर्थिंग.

चालवायचं कसं

पंप म्हटलं की तीन गोष्टी फुकट मिळायच्या हे सगळ्यांना माहीत आहे, हवा, पिण्याचं पाणी आणि संडास. त्या तीन परत सुरू करा, बोर्ड लावायची गरज पडत नाही. आम्ही हवा भरायचं मशीन दुरुस्त केलं, सायकलवाली मुलं पहिल्या आठवड्यापासून यायला लागली. बायकांचा संडास वेगळा, दिवा आणि आतून चांगली कडी, दिवसातून तीनदा सफाई. भाजी विकायला येणाऱ्या मावशींनी मला सांगितलं की सकाळी पाचला गावावरून निघाल्यावर त्या मुद्दाम पाणी पीत नाहीत, इथे आल्यापासून पितात.

बाकी काय ठेवायचं ते वस्तीला विचारा. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणारं आपलं शहर, आणि स्पर्धा परीक्षेची मुलं जागेसाठी पहाटे रांगा लावतात, म्हणून आमच्याकडे अभ्यासिका पहिली आली, महिना ठरावीक फी, त्यातून वीज आणि सफाईचा पगार निघतो. रविवारी सकाळी दिंडोरी-निफाडकडचे शेतकरी आणि बचत गट शेडखाली बसतात, प्रत्येक जागेचं छोटं भाडं. सहा महिने सगळं हलक्या सामानावर चालवून बघा, मगच पक्कं फर्निचर करा. रात्री दहानंतर स्पीकर नाही, हे पहिल्या मीटिंगमध्येच लिहून घ्या, नाहीतर लग्न-वाढदिवसाच्या मागण्या थांबत नाहीत आणि अभ्यासिका मरते. फायर एक्स्टिंग्विशर भरलेले ठेवा आणि वर्षाला फायर ऑडिट करा.

आणि एक वही. दाराजवळ खिळ्याला टांगलेली आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या गाडलेल्या पाईपचं झाकण उघडून पाण्याची पातळी, वास आणि वर तवंग आहे का ते लिहायचं, चारही खांबांचे तळ बघायचे, भरलेल्या टाकीवरच्या काँक्रीटवर पट्टी ठेवून उंचवटा मोजायचा, ऑक्टोबरमध्ये लॅबला नमुना. यंदाची पहिली नोंद १९ जूनची आहे, अभ्यासिकेतल्या एका मुलीने केलेली: पाणी सव्वादोन मीटरवर, वास नाही, तवंग नाही, उंचवटा शून्य.